गेम विकायचा, कोड वाटायचा

टेरी कॅव्हना या आयरिश गेम विकासकाने जानेवारी २०२० मध्ये आपल्या सर्वाधिक गाजलेल्या गेमचा सोर्स कोड, म्हणजे त्या गेमची मूळ लिखित आज्ञावली, सर्वांना पाहण्यासाठी खुली केली. त्या महिन्यात गेमला दहा वर्षे पूर्ण होत होती. वाढदिवसानिमित्त किंमत उतरवणे हा या व्यवसायातला नेहमीचा रिवाज. कॅव्हना यांनी थेट कारखान्याचे दार उघडले. गेमची विक्री मात्र थांबवली नाही. ती आधीही सुरू होती, नंतरही सुरू राहिली. एकट्याने गेम तयार करून त्यावर गुजराण करणाऱ्या माणसाने आपले काम असे चारचौघांपुढे का मांडावे, त्यात त्याचे काय जाते आणि इतरांच्या पदरात काय पडते, हे समजून घेण्यासाठी हे उदाहरण सोयीचे आहे.

गेमचे नाव विचित्र आहे. इंग्रजी 'व्ही' हे अक्षर सलग सहा वेळा लिहिले की ते नाव तयार होते. अवकाशयानातील सहा जणांच्या चमूतील प्रत्येकाचे नाव याच अक्षराने सुरू होते. सोयीसाठी या लेखात त्याला 'सहा व्ही' असे म्हटले आहे. गेमची कल्पना एका वाक्यात सांगता येते: नायकाला उडी मारता येत नाही, तो गुरुत्वाकर्षण उलटे करतो. कळ दाबली की जमिनीवरचा नायक छतावर जाऊन उभा राहतो, पुन्हा दाबली की खाली येतो. मधल्या वाटेवर काटे, हलते अडथळे आणि अरुंद फटी. चित्रे १९८० च्या दशकातील कमोडोर ६४ या घरगुती संगणकाची आठवण करून देणारी, संगीत मॅग्नस पॉल्सन यांचे. अशा साध्या सामग्रीवर उभा राहिलेला हा गेम २०१० च्या सुमारास बहरलेल्या स्वतंत्र गेमनिर्मितीच्या ओळखीच्या खुणांपैकी एक ठरला.

शिवलेला सदरा आणि बेत

आपण विकत घेतो तो गेम यंत्राच्या भाषेत असतो. विकासक सी प्लस प्लस, सी शार्प, लुआ यांसारख्या एखाद्या भाषेत आज्ञा लिहितो. कम्पायलर नावाची आज्ञावली त्यांचे रूपांतर प्रोसेसरला कळणाऱ्या अंकांत करते आणि ग्राहकाच्या हाती ते अंक पडतात. शिवून तयार झालेल्या सदऱ्यावरून शिंप्याची कात्री कुठून कशी फिरली हे सांगणे कठीण असते, तसेच हे. कोड खुला करणे म्हणजे बेतलेले कागद, खुणा आणि खोडलेल्या रेषा यांच्यासह सगळे समोर ठेवणे.

जुन्या गेमच्या बाबतीत याला आणखी एक महत्त्व आहे. यंत्रभाषेतील गेम त्याच्या काळातल्या यंत्रणेला बांधलेला असतो. ॲपलने ऑक्टोबर २०१९ मध्ये आणलेल्या मॅक ओएस कॅटालिना या प्रणालीत ३२ बिटचे कार्यक्रम चालेनासे झाले आणि विकत घेतलेले अनेक गेम एका अद्ययावतीकरणानंतर निरुपयोगी ठरले. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेअरला निरोप दिला, तेव्हा ब्राउझरमध्ये खेळले जाणारे असंख्य छोटे गेम एकाच वेळी बंद पडले. त्यांतील कित्येकांचा कोड त्यांच्या कर्त्यांकडेही उरला नव्हता. रफल नावाच्या मुक्तस्रोत प्रकल्पाने फ्लॅशची नक्कल करून त्यांतील बरेचसे पुन्हा चालते केले, हा त्यातला दिलासा. 'सहा व्ही' हा गेमदेखील मुळात फ्लॅशमध्येच लिहिलेला होता. सायमन रॉथ यांनी २०११ मध्ये तो सी प्लस प्लसमध्ये आणला आणि ईथन ली यांनी पुढे तो नव्या यंत्रणांवर चालता ठेवला. हे काम झाले नसते तर २०२१ नंतर संगणकावर त्याचे काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको.

अंदाधुंद, पण चालणारा

कोड खुला झाल्यावर पहिल्या काही दिवसांत चर्चा झाली ती त्याच्या अव्यवस्थेची. गेममधील प्रसंग पुढे सरकवण्यासाठी कॅव्हना यांनी एक अवाढव्य निवडसूची लिहिली होती. एक क्रमांक असेल तर हे करा, दुसरा असेल तर ते करा, अशी शेकडो कलमे एकाच ठिकाणी. क्रमांकही ओळीने लागलेले नाहीत. मध्ये मोठमोठ्या उड्या आहेत आणि शेवटचे क्रमांक चार हजारांच्या घरात आहेत. कोणता क्रमांक कोणत्या प्रसंगाचा हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक. संगणकशास्त्राच्या कोणत्याही परीक्षकाने या उत्तरावर लाल रेघ मारली असती.

कॅव्हना यांनी स्वतःच हे आधी सांगून टाकले होते. हा गेम तांत्रिकदृष्ट्या प्रगत नाही आणि स्वतःच्या बळावर शिकलेल्या विकासकांच्या मानानेही त्यात पसारा आहे, अशा अर्थाची कबुली त्यांनी कोडसोबतच दिली. त्यामुळे थट्टा झाली तरी तिच्यात विखार फारसा राहिला नाही. उलट अनेक व्यावसायिक प्रोग्रॅमरांनी आपल्याही कपाटात असेच काही असल्याचे मान्य केले.

नवशिक्यांच्या दृष्टीने खुल्या कोडचा हा सर्वांत मोठा उपयोग म्हणावा लागेल. पाठ्यपुस्तकातील उदाहरणे स्वच्छ असतात, कारण ती शिकवण्यासाठी लिहिलेली असतात. खरा गेम पूर्ण करताना, पैसे संपत आलेले असताना, रात्री दोन वाजता घेतलेले निर्णय त्यांत नसतात. 'सहा व्ही'चा कोड वाचणाऱ्याला दिसते की ज्या गोष्टीवर खेळणाऱ्याचा आनंद अवलंबून होता, म्हणजे नायक किती वेगाने उलटतो, काटे नेमके कुठे टोचतात, मेल्यावर किती झटकन पुन्हा उभे राहता येते, तिथे कॅव्हना यांचा हात अचूक पडला होता. ज्या गोष्टी खेळणाऱ्याला कधीच दिसणार नव्हत्या तिथे त्यांनी चालेल तेवढे केले आणि पुढे गेले. सुबक कोड लिहिण्याच्या नादात एकही गेम पूर्ण न झालेल्या होतकरूंची संख्या पाहता, ही निवड समजून घेण्याजोगी आहे. अर्थात त्याची किंमत नंतर कुणाला तरी मोजावी लागते. इथे ती लोकसमुदायाने मोजली.

कोड मिळाल्यावर जगभरातील स्वयंसेवकांनी त्यातील दोष शोधून दुरुस्त्या पाठवायला सुरुवात केली. रीत ठरलेली असते: स्वयंसेवक आपल्याकडील प्रतीत बदल करतो आणि तो बदल मूळ प्रकल्पाकडे प्रस्ताव म्हणून पाठवतो. प्रकल्पाचा सांभाळ करणारा तो तपासतो, शंका विचारतो, मग स्वीकारतो किंवा परत करतो. या कामाचे फळ २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २.३ या आवृत्तीत दिसले. गेम मुळात सेकंदाला सुमारे तीस चित्रे दाखवण्याच्या हिशेबाने लिहिलेला होता. आता वेगवान पडद्यांवर तो अधिक नितळ दिसण्याची सोय झाली. अडकून पडण्याच्या कितीतरी जागा बुजवल्या गेल्या.

मात्र त्यातून एक अडचण उभी राहिली. गेम कमीत कमी वेळात संपवण्याची स्पर्धा करणारे खेळाडू त्यातील जुन्या दोषांचा कौशल्याने उपयोग करत असत. दोष दुरुस्त झाले की त्यांचे वर्षानुवर्षांचे डावपेच निकामी. तेव्हा समुदायाने दोषही दुरुस्त केले आणि जुन्या दोषांसह खेळण्याची वेगळी पद्धतही पर्याय म्हणून ठेवली. घराची डागडुजी करताना मुलांची लपायची जागा तशीच ठेवावी, तसा हा प्रकार. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या नियोजनात या कामाला वेळ मिळाला असता असे वाटत नाही.

२०२४ मध्ये आलेल्या २.४ या आवृत्तीने गेम इंग्रजीबाहेर नेला. फ्रेंच, जर्मन, जपानी अशा अपेक्षित भाषांबरोबर वेल्श, एस्परांतो आणि खुद्द कॅव्हना यांच्या देशाची आयरिश भाषाही त्यात आली. सर्व संवाद कोडमध्येच विखुरलेले असल्याने ते वेचून बाजूला काढणे हेच आधी मोठे काम होते. भारतीय भाषा मात्र त्या यादीत नव्हती.

मग कमाई कशावर?

कोड खुला म्हणजे गेम फुकट, हा सर्वसाधारण गैरसमज आहे. 'सहा व्ही'चा कोड डाउनलोड केला तरी चित्रे, संगीत आणि इतर सामग्री त्यात नाही. ती वेगळ्या फाइलमध्ये असते आणि विकत घेतलेल्या प्रतीतून घ्यावी लागते. खेळाडूंनी तयार केलेले टप्पे खेळण्यापुरती एक मोफत आवृत्तीही आहे, पण मूळ कथा त्यात नाही. शिवाय कॅव्हना यांचा परवाना व्यापारी हेतूने कोड बदलण्यास किंवा वाटण्यास मनाई करतो. त्यामुळे काटेकोर व्याख्येनुसार हा मुक्तस्रोत प्रकल्प ठरत नाही. मुक्तस्रोत परवान्यात व्यापारी वापरावर बंदी घालता येत नाही. कोड वाचा, शिका, सुधारा, स्वतःपुरता बदला, पण त्यावर धंदा करू नका, असा हा मधला मार्ग आहे. याच विकासकाने 'बोस्का क्योल', म्हणजे आयरिश भाषेत संगीतपेटी, या नावाचे संगीतरचनेचे छोटे साधन मात्र पूर्ण मुक्त परवान्याखाली दिलेले आहे. कोणती वस्तू पोटापाण्याची आणि कोणती वाटून टाकण्याची, हा निवाडा प्रत्येक वेळी स्वतंत्रपणे करावा लागतो.

कोड आणि सामग्री वेगळी ठेवण्याची ही वाट जुनी आहे. आयडी सॉफ्टवेअर या त्या वेळी छोट्या असलेल्या अमेरिकी कंपनीने 'डूम' हा गेम डिसेंबर १९९३ मध्ये काढला आणि डिसेंबर १९९७ मध्ये त्याचा कोड खुला केला. १९९९ मध्ये तोच कोड जीपीएल या परवान्याखाली आला. टप्प्यांची आणि चित्रांची फाइल विकतच घ्यावी लागे. आवाजासाठी दुसऱ्याकडून घेतलेली आज्ञावली वगळावी लागली होती, कारण ती खुली करण्याचा अधिकार कंपनीकडे नव्हता. आज 'डूम' गणनयंत्रापासून छपाईयंत्रापर्यंत कशावरही चालवून दाखवण्याची जी हौस दिसते, तिचे मूळ त्या निर्णयात आहे.

धोका नसतो असे नाही. त्याच कंपनीने डिसेंबर १९९९ मध्ये 'क्वेक'चा कोड खुला केला तेव्हा थोड्याच काळात नेम आपोआप साधणाऱ्या आणि इतर लबाड्या करणाऱ्या बदललेल्या प्रती जाळ्यावरील सामन्यांत फिरू लागल्या. समोरचा खेळाडू प्रामाणिक प्रत वापरतो आहे असे गेमने गृहीत धरले होते. ते गृहीतक कोसळले. एकट्याने खेळायच्या गेमला ही भीती नसते, म्हणूनच स्वतंत्र विकासकांनी खुले केलेले गेम बहुधा या प्रकारचे आढळतात.

दुसरा धोका थेट खिशाला भिडणारा आहे. मे २०१० मध्ये 'हम्बल इंडी बंडल' या नावाने स्वतंत्र विकासकांचे काही गेम एकत्र करून 'हवे तेवढे पैसे द्या' या तत्त्वावर विकले गेले. विक्री दहा लाख डॉलरच्या पुढे गेली आणि कबूल केल्याप्रमाणे 'अक्वेरिया', 'गिश', 'लुगारू' आणि 'पेनंब्रा: ओव्हर्चर' या चार गेमचा कोड खुला करण्यात आला. काही महिन्यांतच, २०११ च्या आरंभी, एका परक्या विक्रेत्याने 'लुगारू' जसाच्या तसा ॲपलच्या दुकानात दोन डॉलरना मांडला. मूळ निर्माते वूल्फायर तोच गेम दहा डॉलरना विकत होते. कोड जीपीएल परवान्याखाली आहे, म्हणून विकण्याचा आम्हाला हक्क आहे, असा या विक्रेत्याचा दावा होता. कोडपुरता तो खराही होता. जीपीएल विक्रीला मनाई करत नाही. पण चित्रे, आवाज आणि टप्पे त्या परवान्यात नव्हते आणि त्यांच्याशिवाय गेम विकणे शक्य नव्हते. वाद नेमका इथे होता. ॲपलने ती नक्कल अखेर काढून टाकली, पण तोवर बराच मनस्ताप होऊन गेला होता. परवान्याचा कागद वाचण्याचा कंटाळा करणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे.

एका चित्रात मावणारा गेम

काही ठिकाणी कोड दाखवणे हा वाढदिवसाचा प्रसंग नसून रोजचा व्यवहार आहे. जोसेफ व्हाइट यांनी तयार केलेले 'पिको ८' हे त्याचे ठळक उदाहरण. हा कधीही अस्तित्वात नसलेला, केवळ संगणकात राहणारा खेळयंत्राचा एक नमुना आहे. त्याच्या मर्यादा मुद्दाम ठरवलेल्या आहेत: पडदा १२८ गुणिले १२८ ठिपक्यांचा, रंग सोळा, एका गेमचा आकार ३२ किलोबाइट आणि कोड ८,१९२ घटकांच्या आत. ज्यांनी १९८० च्या दशकातील संगणक पाहिले त्यांना या आकड्यांची गंमत कळेल.

त्याहून गमतीची गोष्ट वाटपाची. 'पिको ८' चा गेम खेळपेटीच्या छोट्या रंगीत चित्राच्या रूपात फिरतो आणि त्या चित्रातच तो दडलेला असतो. चित्र १६० गुणिले २०५ ठिपक्यांचे, म्हणजे एकूण ३२,८०० ठिपके. प्रत्येक ठिपक्याचे लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार घटक असतात. प्रत्येक घटकाचे सर्वांत कमी वजनाचे दोन बिट घेतले की एका ठिपक्यात एक बाइट बसतो. रंगात पडणारा फरक डोळ्याला जाणवत नाही आणि ३२ किलोबाइट, म्हणजे ३२,७६८ बाइट, त्या चित्रात अलगद मावतात. चित्र उघडा, खेळा, मग एस्केप कळ दाबा. कोड, चित्रे, संगीत सगळे समोर येते, तिथल्या तिथे बदलूनही पाहता येते. खुद्द 'पिको ८' मात्र विकत घ्यावे लागते आणि त्याचा कोड बंद आहे. साधन विकायचे आणि त्यावर झालेले काम खुले ठेवायचे, असा हा कॅव्हना यांच्या उलटा हिशेब आहे.

याच यंत्रावर २०१५ मध्ये मॅडी थोरसन आणि नोएल बेरी यांनी चार दिवसांत 'सेलेस्ट' नावाचा डोंगर चढण्याचा छोटा गेम केला. तो वाढवून जानेवारी २०१८ मध्ये त्याच नावाचा मोठा गेम आला आणि त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम स्वतंत्र गेमचा मान त्याला मिळाला. मोठ्या गेमचा संपूर्ण कोड खुला नाही. पण नायिकेची हालचाल ठरवणारी फाइल कर्त्यांनी सर्वांसमोर ठेवली. पाच हजारांहून अधिक ओळींची ती एकच फाइल आहे आणि तीही पाठ्यपुस्तकी शिस्तीत बसत नाही.

तिच्यातील एक ओळ वाचली तरी बरेच कळते. कड्यावरून पाय सुटल्यानंतरही ०.१ सेकंदापर्यंत उडीची कळ ग्राह्य धरली जाते. भौतिकशास्त्रानुसार नायिका तेव्हा हवेत असते, उडी मारता येऊ नये. पण माणसाचे बोट डोळ्यांच्या मागे असते, आणि खेळणाऱ्याला मनापासून वाटत असते की आपण वेळेत कळ दाबली होती. तो दशांश सेकंद त्याच्या बाजूने दिलेला असतो. तसेच वर उडताना डोके कोपऱ्याला चार ठिपक्यांपर्यंत घासले तर गेम नायिकेला हळूच बाजूला सरकवतो. 'सेलेस्ट' अतिशय कठीण असूनही अन्यायकारक वाटत नाही, असे खेळणारे सांगतात. त्या भावनेचा मोठा भाग अशा आकड्यांमध्ये आहे. ही युक्ती या गेमच्या आधीपासून माहीत होती. पण किती द्यायचे, हा प्रश्न गेम करणाऱ्या प्रत्येकाला पडतो आणि यशस्वी गेममधील खरा आकडा समोर असणे म्हणजे महिन्याभराची चाचपणी वाचणे.

हत्यारेही आपली हवीत

सप्टेंबर २०२३ मध्ये या विषयाला वेगळेच वळण मिळाले. गेम तयार करण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या युनिटी या इंजिनाच्या कंपनीने जाहीर केले की पुढील जानेवारीपासून, ठरावीक मर्यादा ओलांडल्यावर, ग्राहकाने गेम प्रस्थापित केल्याच्या प्रत्येक वेळेमागे विकासकाला शुल्क द्यावे लागेल. कमाल दर २० सेंटचा होता. रक्कम लहान दिसते; पण विकून झालेल्या गेमवरही उद्या काय आकारले जाईल हे दुसराच कोणी ठरवणार, ही गोष्ट छोट्या विकासकांच्या जिव्हारी लागली. दहा दिवसांत कंपनीने अटी सौम्य केल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये गेमवरील ते शुल्क रद्दच केले. विश्वास मात्र तेवढ्या लवकर परतला नाही.

त्या काळात अनेकांनी गोदो या मुक्तस्रोत इंजिनाकडे पाहिले. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी आपल्या कामासाठी केलेले हे साधन २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली खुले केले. नाव सॅम्युएल बेकेट यांच्या नाटकावरून घेतलेले. ज्याची वाट पाहावी तो कधीच पूर्ण येत नाही, हा सॉफ्टवेअरचा अनुभव नाट्यरसिकांना वेगळा समजवायला नको. एमआयटी परवाना अगदी थोडक्यात असतो: वापरा, बदला, विका, फक्त मूळ लेखाधिकाराची नोंद सोबत ठेवा. 'टेरारिया' या गेमची कर्ती कंपनी री-लॉजिक हिने त्या सप्टेंबरमध्ये गोदोला आणि एफएनए या दुसऱ्या मुक्त प्रकल्पाला प्रत्येकी एक लाख डॉलर आणि पुढे दरमहा एक हजार डॉलर देण्याचे जाहीर केले. एफएनए हे मायक्रोसॉफ्टच्या सोडून दिलेल्या एक्सएनए या साधनाचे मुक्त पुनर्लेखन असून 'सेलेस्ट'च्या काही आवृत्त्या त्यावर चालतात. त्याचे कर्ते ईथन ली, म्हणजे 'सहा व्ही' नव्या यंत्रणांवर आणणारे तेच. हे जग किती लहान आहे आणि किती मोजक्या खांद्यांवर उभे आहे, हे यावरून दिसावे.

वेलांटीचा प्रश्न

मराठीत गेम करू पाहणाऱ्यांचा या साऱ्याशी थेट संबंध एका साध्या वाटणाऱ्या गोष्टीत येतो: पडद्यावर 'क्षितिज' हा शब्द नीट उमटतो का? रोमन लिपीत अक्षरे एकापुढे एक मांडली की शब्द होतो. देवनागरीत पहिली वेलांटी टंकलेखनात व्यंजनानंतर येते, पण दिसायला आधी दिसावी लागते. क, हलन्त आणि ष एकत्र येऊन क्ष व्हावा लागतो. रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढावा लागतो. या मांडणीसाठी स्वतंत्र आज्ञावली लागते. गोदोच्या तिसऱ्या मालिकेपर्यंत ती त्यात नव्हती. प्रत्येक चिन्ह सुटे काढले जाई, वेलांटी चुकीच्या बाजूला पडे आणि जोडाक्षरे हलन्तासह फुटत. विकासकांना मजकुराची चित्रे करून चिकटवण्यासारखे मार्ग शोधावे लागत.

मार्च २०२३ मध्ये आलेल्या ४.० या आवृत्तीत मजकूर मांडण्याची यंत्रणा नव्याने लिहिली गेली. तिच्यात हार्फबझ हे मुक्तस्रोत साधन वापरले आहे. अनेक ब्राउझर आणि भ्रमणध्वनी हेच साधन देवनागरी दाखवण्यासाठी वापरतात. अरबी, थाई, देवनागरी अशा साऱ्या लिप्यांचा प्रश्न त्यातून एकदम सुटला. बंद इंजिनात अशी सुधारणा विक्रेत्याला बाजारपेठ दिसेल तेव्हाच होते. इथे ज्यांना गरज होती आणि जमत होते त्यांनी ती केली, आणि मराठीला तिचा लाभ कोणी मराठीसाठी मागणी न करताही मिळाला.

काम संपलेले नाही. देवनागरीचा पूर्ण फॉन्ट निवडावा लागतो, नाहीतर रिकाम्या चौकटी उमटतात. संवाद एकेक अक्षराने टंकित होत असल्याचा परिणाम गेममध्ये लोकप्रिय आहे; तो चिन्हागणिक चालवला तर 'स्त्री' हा शब्द आधी स, मग स्, मग स्त असा फुटत फुटत पुढे सरकतो. तो पूर्ण अक्षरागणिक चालवावा लागतो. ठिपक्यांच्या जुन्या धाटणीच्या गेममध्ये आठ ठिपके उंचीत शिरोरेषा, मात्रा आणि उकार बसवणे अवघड जाते. अशा चुका लिपी न वाचणाऱ्या परीक्षकाच्या लक्षातच येत नाहीत. मुक्त प्रकल्पांत त्यांची नोंद कोणीही करू शकतो. सोबत चुकलेल्या शब्दाचे छायाचित्र, तो कसा दिसायला हवा याचे दुसरे छायाचित्र आणि वापरलेल्या फॉन्टचे नाव असले तर काम सोपे होते.

स्वतःचा कोड समोर ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी व्यवहाराच्या काही बाबी. परवान्याची फाइल न जोडता कोड नुसता दिसेल असा ठेवला, तर इतरांना तो वापरण्याचा हक्क मिळत नाही. लेखाधिकार आपोआप लेखकाकडे राहतो आणि सावध माणूस अशा कोडला हात लावत नाही. कोडचा परवाना आणि चित्र-संगीताचा परवाना वेगवेगळा लिहावा. संगीत दुसऱ्याचे असेल तर त्याची लेखी संमती आधी घ्यावी. खेळयंत्रांच्या कंपन्यांकडून मिळालेला कोड गुप्ततेच्या करारात येतो, तो वगळावा लागतो. सर्व्हरचे संकेतशब्द किंवा विक्रीव्यवस्थेच्या गुप्त कळा कोडच्या जुन्या नोंदींत राहून गेल्या नाहीत ना, हे तपासावे. फाइल पुसली तरी बदलांच्या इतिहासात ती शिल्लक असते. त्यामुळे आधी कळा बदलाव्यात, मगच दार उघडावे.